सोलापूरच्या खेड्यांत पाळणा कसा थांबला

मंगळवेढ्याकडच्या किंवा करमाळ्याकडच्या गावात बायका आपापसांत 'हिचं ऑपरेशन झालं' म्हणतात, तेव्हा कसलं ते कुणी विचारत नाही. अपेंडिक्सचं असेल तर तसं मुद्दाम सांगावं लागतं. पुरुषाच्या शस्त्रक्रियेला मात्र 'नसबंदी' हा वेगळा शब्द आहे, आणि तो अजून दबक्या आवाजातच येतो. असं का झालं, ते समजायला थोडं मागं जावं लागेल.

र. धों. कर्व्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, पण ती शहरातली गोष्ट. सरकारी कार्यक्रम १९५२ ला सुरू झाला. विकसनशील देशांत असं धोरण आखणारा भारत पहिला. पुढे दवाखान्यांच्या भिंतींवर कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण आला. जिरायती ज्वारीच्या घरातला हिशेब मात्र निराळा होता. चार झाली तर दोन-तीन जगतील. खुरपणी-काढणीला माणसं लागतातच. आणि मुलगा होईपर्यंत सुनेचा पाय घरात रुतत नाही. तिच्याजवळ जमीन नव्हती, पैसा नव्हता. लेकरं हीच तिची पत.

१९७२ च्या दुष्काळात ही बाई खडी फोडायला, पाझर तलावावर माती वाहायला बाहेर पडली. त्यातून आलेल्या रोजगार हमीचा कायदा १९७७ चा. मजुरी कामाच्या मापावर, बाईला आणि पुरुषाला एकाच दरानं. मस्टरवर तिचं स्वतःचं नाव लागलं. माझ्या मते या भागात बाईच्या स्थानाला खरा धक्का लागला तो इथं, कुठल्याही घोषणेमुळं नव्हे.

१९७४ साली बुखारेस्टच्या लोकसंख्या परिषदेत भारताचे मंत्री करणसिंह म्हणाले होते की विकास हेच सर्वोत्तम गर्भनिरोधक. दोनच वर्षांत आणीबाणीत चाक उलटं फिरलं. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांवर नसबंद्या झाल्या, बहुतेक पुरुषांच्या. महाराष्ट्राच्या विधिमंडळानं तर सक्तीचं विधेयकच मंजूर केलं. ते कायदा झालं नाही एवढंच. दिल्लीतलं सरकार पडलं, आणि पुरुषाच्या वाटेला जायची हिंमत पुन्हा कुणी केली नाही. शिबिरं बायकांची भरू लागली. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात राज्यातल्या जवळपास निम्म्या विवाहित बायकांची शस्त्रक्रिया झालेली आहे. पुरुषांचा आकडा अर्ध्या टक्क्यालाही पोचत नाही.

बांगलादेशानं वाट वेगळी धरली. तिथं सत्तरच्या दशकापासून गावातल्याच बायका गोळ्या घेऊन दारोदार गेल्या, म्हणजे दोन बाळंतपणांत अंतर ठेवायचं साधन बाईच्या हाती आलं. आपल्याकडे तांबी आणि गोळ्या मागंच राहिल्या. लग्न लवकर, दोन लेकरं लागोपाठ, त्यात एक मुलगा झाला की पंचविशीच्या आत-बाहेर ऑपरेशन. कधी करायचं, ते बहुतेकदा सासू ठरवते.

आकडे मात्र छान दिसतात. राज्यात एका बाईमागं १९९२-९३ ला सरासरी २.९ मुलं होती, २०१९-२१ ला १.७. बाईचं स्थान सुधारलं की कुटुंब लहान होतं, असं १९९४ च्या कैरोच्या लोकसंख्या परिषदेनंतर सगळीकडे सांगितलं जाऊ लागलं. त्याच वर्षी महाराष्ट्रानं महिला धोरण आणलं, मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत बरोबरीचा वाटा दिला. इथं कुटुंब लहान झालं खरं, पण वाट्याची वेळ आली की बहीण हक्कसोडपत्रावर सही करून मोकळी होते. माहेर तुटू नये म्हणून.

पंचायतीत बायकांना आधी ३० टक्के, मग तेहतीस, २०११ पासून निम्म्या जागा मिळाल्या. दरम्यान दोन अपत्यांची अट आली: १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरं मूल झालं तर सदस्यत्व रद्द. पहिल्या दोन मुली असल्या की तिसऱ्या खेपेचा आग्रह घरचे धरतात. खुर्ची जाते ती सरपंच बाईची.