चार गिगाबाइटनंतर पुन्हा शून्य

कमोडोर कंपनीचा अमिगा १२०० हा १९९२ सालचा घरगुती संगणक, विशेषतः ब्रिटन आणि जर्मनीतील हौशी मंडळींनी, आजही जपून ठेवला आहे. त्यात अडीच इंची फिरत्या डिस्कच्या जागी आता बहुधा कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड बसवले जाते. कार्ड भरत जाते, एके दिवशी सगळ्या फाइली नाहीशा होतात आणि ‘जुन्या यंत्राला नव्या कार्डाचे वावडे असते’ असा निष्कर्ष काढून मालक मोकळा होतो. यंत्रांना वावडे नसते. त्यांना मोजमापाचे नियम असतात, आणि वेष्टनावर ‘खास अमिगासाठी’ असे छापल्याने ते बदलत नाहीत.

प्रत्यक्ष जोडणीत अवघड काही नाही. मदरबोर्डवरील ४४ पिनांच्या आयडीई या डिस्कसाठीच्या जोडणीतून वीजही डिस्कला मिळते, त्यामुळे एक क्रमांकाची पिन एक क्रमांकाशीच जुळली आहे ना, हे दोनदा पाहावे. त्यानंतर ‘एचडीटूलबॉक्स’ हा प्रोग्राम डिस्कची विभागणी करतो आणि तिचा तपशील डिस्कच्या पहिल्या १६ ब्लॉकांत (डिस्कवरील जागेच्या ठरावीक तुकड्यांत), बहुधा शून्याव्या ब्लॉकपासून, नोंदवतो. या नोंदीला ‘रिजिड डिस्क ब्लॉक’ म्हणतात. तिच्यातून पहिल्या विभागाच्या नोंदीचा पत्ता मिळतो, त्या नोंदीतून पुढच्या विभागाचा, अशी ही साखळी असल्यामुळे पीसीच्या जुन्या तक्त्याप्रमाणे चार मुख्य विभागांची मर्यादा येथे येत नाही.

खरी गंमत पुढे आहे. १९८५ साली पहिला अमिगा आला तेव्हा त्याच्यासमोर ८८० किलोबाइटची फ्लॉपी होती. तिच्यावरील जागा सांगताना ‘अमुक क्रमांकाचा ब्लॉक’ असे न म्हणता ‘आरंभापासून अमुक बाइटवर’ असे म्हणण्याची पद्धत ठरली आणि त्या आकड्यासाठी ३२ बिट राखले गेले. हार्ड डिस्कनेही तीच पद्धत उचलली. ३२ बिटांत ४,२९,४९,६७,२९६ वेगवेगळ्या संख्या मावतात. म्हणजे शेवटची संख्या याहून एकाने कमी, आणि तिच्यापुढे एक पाऊल टाकले की जुन्या स्कूटरच्या किलोमीटर मोजणाऱ्या चकत्यांप्रमाणे सगळे आकडे शून्यावर येतात. एक ब्लॉक ५१२ बाइटांचा असतो. म्हणून ८३,८८,६०८ क्रमांकाच्या ब्लॉकवर लिहिण्याची आज्ञा दिली, तर बाइटचा पत्ता काढण्यासाठी त्याला ५१२ ने गुणताना गुणाकार ओसंडून उत्तर शून्य येते आणि मजकूर शून्याव्या ब्लॉकवर, म्हणजे नेमका विभागणीच्या नोंदीवर, जाऊन पडतो. बाइटांऐवजी ब्लॉकच मोजले असते, तर त्याच ३२ बिटांत २ टेराबाइटपर्यंत मजल गेली असती.

मग ही चूक पहिल्याच दिवशी का कळत नाही? कारण वाचतानाही हाच गुणाकार तसाच ओसंडतो. लिहिलेले चुकीच्या जागी गेले, तरी वाचणारा त्याच चुकीच्या जागी पाहतो आणि दोन्ही मजकूर तंतोतंत जुळतात. ताडून पाहणाऱ्या प्रोग्रामलाही त्यात खोट सापडत नाही. त्या जागेचा मूळ मालक असलेली फाइल उघडेपर्यंत, किंवा पुन्हा चालू करताना रॉमला, म्हणजे संगणकात कायम बसवलेल्या प्रोग्रामच्या चिपला, विभागणीची नोंद सापडेनाशी होईपर्यंत, सारे आलबेल भासते. त्यात कार्डाचा काही दोष नसतो.

अमिगाची कार्यप्रणाली असलेल्या अमिगाओएसच्या ३.१.४ या २०१८ च्या आवृत्तीत ही मर्यादा दूर झाली आहे. मूळ ३.० किंवा ३.१ रॉम असेल, तर सर्व विभाग पहिल्या ४ गिगाबाइटच्या आत आखावेत आणि उरलेली जागा सरळ मोकळी सोडावी. सुधारित ड्रायव्हर (डिस्कशी व्यवहार करणारा प्रोग्राम) डिस्कवरून मागाहून चढवणार असाल, तरी संगणक ज्या विभागावरून सुरू होतो तो या मर्यादेच्या आतच हवा, कारण ड्रायव्हर येईपर्यंत कारभार जुन्या रॉमच्याच हाती असतो.

विभागणी करताना ‘मॅक्सट्रान्सफर’ नावाचा, एका वेळी जास्तीत जास्त किती बाइट हलवायचे हे सांगणारा, एक आकडा दिसतो, त्यातही हाच शून्याचा खेळ आहे. आयडीईच्या आज्ञेत एका वेळी किती सेक्टर (म्हणजे ५१२ बाइटांचे ब्लॉकच) हवेत हे सांगायला ८ बिटच आहेत. २५६ ही संख्या त्यांत मावत नाही, म्हणून ती शून्य लिहून कळवावी लागते. हा संकेत प्रत्येक डिस्क नीट पाळतेच असे नाही. म्हणून तेथे २५५ सेक्टरांचा, म्हणजे १,३०,५६० बाइटांचा, आकडा भरावा.