धूमकेतूची शेपटी मागे नसते

२०२४च्या ऑक्टोबरात सूर्य समुद्रात बुडाल्यावर मिरामारच्या किनाऱ्यावर माणसं त्सुचिनशान-ॲटलास धूमकेतू शोधत उभी असायची. शुक्राच्या उजव्या बाजूला, वर गेलेली पांढुरकी रेघ. ‘हा पडतो कधी?’ हा प्रश्न हमखास यायचा. पडते ती उल्का, तीही आपल्याच वातावरणात. हा दसऱ्याला आपल्या सर्वांत जवळ आला, तेव्हाही सात कोटी किलोमीटरवर होता.

शेपटी म्हणजे मागे सुटलेला धूर, हा समज त्याहून घट्ट आहे. धूमकेतू २७ सप्टेंबरला सूर्याला वळसा घालून परत निघाला होता आणि शेपटी सूर्यापासून दूर, म्हणजे जवळपास त्याच्या पुढेच पसरली होती.

असं का, ते फार सुंदर आहे. धूमकेतूतल्या तापलेल्या बर्फाची थेट वाफ होते आणि धूळ मोकळी होते. सूर्याचं गुरुत्व कणाला आत ओढतं, त्याचाच प्रकाश बाहेर ढकलतो. ओढ वस्तुमानावर ठरते, रेटा क्षेत्रफळावर. कण निम्म्या आकाराचा केला तर वस्तुमान आठवा हिस्सा उरतं, क्षेत्रफळ मात्र चौथा. म्हणजे ओढीच्या तुलनेत रेटा दुप्पट! शिवाय अंतर वाढलं की दोन्ही बलं वर्गाच्या व्यस्त प्रमाणातच घटतात, म्हणून हे गुणोत्तर बदलत नाही. त्या कणापुरता सूर्य कायमचा हलका होतो. बारीक कण बाहेरच्या कक्षेत जाऊन मागे रेंगाळतात, म्हणून धुळीची शेपटी वाकते. जाड कणांना रेटा फारसा जाणवत नाही; ते धूमकेतूच्या कक्षेजवळच, तिच्या प्रतलात (ती कक्षा ज्या सपाट पातळीत असते तिच्यात) चादरीसारखे पसरून राहतात. १४ ऑक्टोबरच्या सुमारास पृथ्वीने ते प्रतल ओलांडलं, तेव्हा ही चादर कडेने दिसली आणि छायाचित्रांत सूर्याच्या दिशेने रोखलेली एक सुईसारखी उलटी शेपटी उमटली.

वायूची शेपटी वेगळी, निळसर आणि सरळ. तिला सौरवारा, म्हणजे सूर्यातून सतत वाहणारा विद्युतभारित कणांचा झोत, उडवतो. यानांनी मोजण्याआधीच, १९५१ साली, जर्मन खगोलशास्त्रज्ञ लुडविग बिअरमान यांनी अशा शेपट्यांवरून तो ओळखला होता.

शेंडेनक्षत्र दिसलं की राजावर संकट, असं आपल्याकडेही म्हणत. १९१० साली हॅलेच्या धूमकेतूच्या शेपटीतल्या विषारी वायूच्या भीतीवर परदेशात गोळ्या विकल्या गेल्या. तो वायू इतका विरळ होता की कुणाला काही झालं नाही. २०२४मधली, त्सुचिनशान-ॲटलास ‘८० हजार वर्षांनी परतणार’ ही बातमीही तशीच फुगवलेली. सूर्याजवळून जाताना याची कक्षा जवळजवळ उघडीच, म्हणजे फिरून स्वतःला न मिळणारी, होती. तो परत येईलच, असं धरून चालता येत नाही.