रोटाव्हेटरने जमीन मोकळी होते? वरची, खालची नाही

नाशिकच्या निफाड-दिंडोरीकडे वर्षानुवर्षे एक समज घट्ट बसलाय: रोटाव्हेटर (ट्रॅक्टरमागे फिरत्या पात्यांनी माती भुसभुशीत करणारं अवजार) जितका जास्त फिरवाल, तितकी जमीन भुसभुशीत. वरची 10-15 सेंटीमीटर माती मऊ होते, हे खरं. पण पाती दरवेळी त्याच खोलीवर घासतात आणि खाली घट्ट थर तयार होतो.

द्राक्षबागेत तर दुहेरी मार बसतो. छाटणीनंतर पाऊस झाला की फवारणी थांबवता येत नाही, ट्रॅक्टर ओल्या ओळीतूनच जातो. तिथली माती चाकाखाली खोलवर दबते, ती रोटाव्हेटरने सुटणार कशी?

खात्री स्वतः करा. वाफशावर, म्हणजे माती ओलसर पण चिखल नसताना, लोखंडी सळई हाताने दाबा. एका ठरावीक खोलीवर ती सगळीकडे अडली, तर तिथे खड्डा घ्या. मुळ्या त्या थरावर आडव्या वळलेल्या दिसतील. हा खड्डा बघितल्याशिवाय थर फोडण्यावर खर्च करूच नका.

थर सापडला तर उन्हाळ्यात, रान कोरडं असताना, थराच्या थोडं खालून सबसॉयलर (खोलवर जमीन फोडणारं अवजार) चालवा. ओल्या काळ्या जमिनीत तो फक्त फट पाडतो, थर फुटत नाही. उभ्या बागेत मुळं तुटतात, म्हणून तिथे ताग-धैंचाचं हिरवळीचं खत, शेणखत आणि चाकांची वाट ठरलेली ठेवणं, हाच मार्ग मला पटतो.