धातुक निक्षेपांचे गणितीय प्रतिमान

धातुक निक्षेपांचे गणितीय प्रतिमान : जमिनीखालील धातुकाच्या (ज्यापासून धातू काढतात त्या खनिजाच्या) निक्षेपाचा म्हणजे साठ्याचा आकार आणि कल मोजक्या विंधनछिद्रांच्या नोंदींवरून गणिताने ठरविण्याची रीत. शीर, थर, भिंग, नळी अशा सर्व आकारांना ती लागू पडते.

सपाट निक्षेपाचा कल नती (उतार) आणि नतिलंब (पृष्ठावरील आडव्या रेषेची दिशा) या कोनांनी सांगतात. लांबट निक्षेपाला अक्षाचा उतारही लागतो. एका रेषेत नसलेल्या तीन छिद्रांत सपाट थराची समुद्रसपाटीपासूनची उंची कळली की प्रतल ठरते. समजा, थर पहिल्या छिद्रात ४०० मी., तेथून १०० मी. पूर्वेस ३५० मी. व १०० मी. उत्तरेस ३७० मी. उंचीवर लागला. उतार पूर्वेकडे ०.५, उत्तरेकडे ०.३; त्यांच्या वर्गांच्या बेरजेचे वर्गमूळ ०.५८. म्हणजे नती सुमारे ३०°, तिची दिशा उत्तरेपासून पूर्वेकडे ५९°. छिद्रे जवळजवळ एका रेषेत असतील, तर उंचीतील लहानशा चुकीनेही दिशा भलतीकडे फिरते. ६०° नतीच्या शिरेतून उभे छिद्र गेले, तर जाडी दुप्पट दिसते. सुरुवातीलाच २° चुकलेले ४०० मी. लांबीचे सरळ छिद्र तळाशी सुमारे १४ मी. बाजूला जाते, प्रत्यक्षात छिद्रे वळतातही, म्हणून वाटेत ठिकठिकाणी कोन मोजावेच लागतात.

अनेक ठिकाणी मोजलेल्या कलांचा मेळ घालताना दिगंशांची (उत्तरेपासून मोजलेल्या दिशाकोनांची) साधी सरासरी चालत नाही : ३५०° व १०° यांची ती १८०° येते, खरी दिशा ०° असते. म्हणून प्रत्येक ठिकाणच्या प्रतलाचा लंब एकक सदिश (एक एकक लांबीची दिशादर्शक राशी) धरून ३×३ आव्यूह (संख्यांची चौकट) मांडतात व त्याची आयगेन मूल्ये, म्हणजे तीन परस्परलंब दिशांभोवती लंब किती एकवटले आहेत हे सांगणाऱ्या संख्या, काढतात. एकच मूल्य मोठे असेल तर पृष्ठ सपाट. दोन मोठी व एक लहान असेल तर घडी, आणि लहान मूल्याचा सदिश हा तिचा अक्ष. समृद्ध धातुक पुष्कळदा याच अक्षाला समांतर असते.

छिद्रांच्या मधल्या जागेतील प्रत (धातुकातील धातूचे प्रमाण) आसपासच्या नमुन्यांवरून ठरविण्याच्या क्रिगिंग पद्धतीचे जनकत्व वादाचे आहे. खाण अभियंता डॅनी क्रिख यांनी १९५१ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील विट्‌वॉटर्सरँडच्या सोन्याच्या खाणींतील अंदाजांची पद्धतशीर चूक दाखविली. त्यांचे नाव पद्धतीला देऊन फ्रेंच गणितज्ञ झॉर्झ मातेराँ यांनी १९६० च्या दशकाच्या आरंभी सिद्धांत मांडला. सुमारे त्याच काळात हवामानशास्त्रात लेव्ह गांदिन यांनी तत्सम सूत्रे मांडली, तर कोल्मोगोरोव्ह व व्हीनर या गणितज्ञांचे अशा अंदाजांविषयीचे मूलभूत काम १९४० च्या दशकातले. तरी निक्षेपाच्या दिशेचा विचार करता मातेराँ यांचे श्रेय अधिक वाटते. कारण त्यांच्या व्हेरिओग्रामने (अंतराबरोबर प्रतीतील फरक कसा वाढतो हे दाखविणाऱ्या आलेखाने) कोणत्या दिशेत प्रतीतील साम्य किती अंतर टिकते हे मोजता येते. त्या अंतरांवरूनच शोध-दीर्घवृत्ताभ (अंदाजासाठी कोणते नमुने घ्यायचे हे ठरविणारा अंडाकृती घनाकार) बसवितात.

निक्षेपाची सीमा पूर्वी प्रत्येक उभ्या छेदाच्या नकाशावर हाताने जोडत. अलीकडे एक फलन (प्रत्येक बिंदूला एक संख्या देणारे सूत्र) धरून, छिद्रात धातुक व भोवतालचा खडक जेथे भेटतात त्या बिंदूंवर त्याचे मूल्य शून्य, आत धन व बाहेर ऋण ठेवतात. शून्य-पृष्ठ हीच सीमा. छिद्रे विरळ असतील तेथे हे पृष्ठ फुगते किंवा सुटे गोळे तयार होतात. दिशेचा कल आधी घालून दिला तरच शीर शिरेसारखी राहते. शोध-दीर्घवृत्ताभ फिरविणाऱ्या तीन कोनांचा क्रम व चिन्हे सर्व संगणकप्रणालींत सारखी नसतात. म्हणून कोन एका प्रणालीतून दुसरीत नेल्यावर दीर्घवृत्ताभ छेदावर काढून छिद्रांशी ताडून पाहतात.