रंग आधी, अर्थ मागाहून

अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्स शहराच्या मार्डी ग्रा या कार्निव्हलचा विषय निघाला की कुणीतरी हमखास सांगतं: 'रेक्स' या मिरवणूक मंडळाने न्याय, श्रद्धा आणि सत्ता यांची प्रतीकं म्हणून जांभळा, हिरवा, सोनेरी रंग निवडले.

रंग १८७२चेच. मंडळाची पहिली मिरवणूक त्याच वर्षी निघाली आणि सज्जे या तीन रंगांनी सजवा, असं कार्निव्हलच्या 'राजा'चं, म्हणजे रेक्सचं, फर्मान निघालं. अर्थाचा मात्र पत्ता नव्हता! तो चिकटला तब्बल वीस वर्षांनी, १८९२च्या मिरवणुकीत. तिचा विषयच रंगांची प्रतीकं हा होता.

पहिल्या वर्षी रशियाचा राजपुत्र अलेक्सिस शहरात आला होता हे खरं. म्हणून काहीजण हे रंग रोमानोव्ह घराण्याचे ठरवतात. त्या घराण्याचे रंग काळा, सोनेरी, पांढरा. जांभळा-हिरवा आला कुठून?