सिनेगॉगचं लाइव्हस्ट्रीम आणि झूमवरचं मिन्यान

हाउसिंग सोसायटीच्या वार्षिक सभेला एकदा तरी बसलेल्या माणसाला गणपूर्ती म्हणजे काय ते वेगळं सांगावं लागत नाही. माणसं कमी पडली की सभा तहकूब. मग अर्ध्या तासाने तीच माणसं, त्याच खुर्च्यांवर बसून, तीच सभा उरकतात. ज्यूंच्या सामूहिक प्रार्थनेलाही गणपूर्ती लागते, फक्त तिथे ही अर्ध्या तासाची पळवाट नाही. तेरा वर्षांपुढचे दहा जण हवेतच. पारंपरिक पंथात दहा पुरुष, सुधारणावादी पंथांत बायकाही धरतात. या दहांना म्हणायचं मिन्यान.

करोनापासून अमेरिकेतल्या कित्येक सिनेगॉगच्या, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळांच्या, आठवड्याच्या कार्यक्रमांत लाइव्हस्ट्रीम आणि झूम मिन्यान अशा दोन नोंदी शेजारीशेजारी दिसतात. दोन्ही फोनवरच, दोन्हीकडे तीच प्रार्थना. आपण दोन्हींना ‘ऑनलाइन प्रार्थना’ म्हणून मोकळे होतो आणि तिथेच गफलत होते.

लाइव्हस्ट्रीम हे सिद्धिविनायकाच्या ऑनलाइन दर्शनासारखं. एका जागी बसवलेला कॅमेरा, समोर तोराच्या, म्हणजे ज्यूंच्या धर्मग्रंथाच्या, गुंडाळ्यांचं कपाट आणि प्रार्थना सांगणाऱ्याची पाठ. तुम्ही हात जोडून बसलात की मटार सोलत बसलात, तिकडे कुणाला पत्ता नसतो, आणि नसला तरी बिघडत नाही. दहा जण तिथे दालनात आधीच जमलेले असतात.

झूम मिन्यानमध्ये मात्र तुम्हाला मोजतात. म्हणून कॅमेरा चालू लागतो, एकमेकांना पाहता आणि ऐकता आलं पाहिजे. मोजण्याचीही गंमत आहे. माणसांना एक, दोन, तीन असं मोजायचं नाही, असा ज्यूंचा जुना संकेत. त्यामुळे स्तोत्रातलं नेमकं दहा हिब्रू शब्दांचं एक वचन घेतात आणि माणशी एक शब्द म्हणत जातात. दहावा शब्द कुणाच्या तरी वाट्याला आला, की मिन्यान झालं.

एवढा आटापिटा मुख्यतः कद्दिशसाठी. आई किंवा वडील गेले की मुलाने अकरा महिने रोज म्हणायची ही अरामी भाषेतली प्रार्थना. तिच्यात मरणाचं नावही नाही, सगळी देवाची स्तुती. पण ती एकट्याने म्हणता येत नाही, ‘आमेन’ म्हणणारे धरून दहा जण लागतात. बाकी तोराचा अभ्यास, हिब्रूचे वर्ग, शनिवारी रात्री मसाल्यांच्या वासाने आणि वेणी घातलेल्या मेणबत्तीने शब्बाथला, म्हणजे शुक्रवार संध्याकाळपासून शनिवार रात्रीपर्यंतच्या विश्रांतीच्या दिवसाला, निरोप देणारा हव्दाला विधी, यांना गणपूर्ती लागत नाही. ते झूमवर बिनघोर चालतं.

अमेरिकेतल्या कॉन्झर्व्हेटिव्ह, म्हणजे परंपरा आणि सुधारणा यांच्या मधल्या, पंथाच्या धर्मनिर्णय समितीने 2001 साली सांगितलं होतं, की दहा जण एकाच जागी हवेत. ते जमले की दुरून ऐकणाऱ्याने साथ द्यायला हरकत नाही. म्हणजे लाइव्हस्ट्रीमला वाट मोकळी, पडद्यावरच्या मिन्यानला नाही. मार्च 2020 मध्ये दारंच बंद झाली, तेव्हा संकटकाळापुरती पडद्यावरची गणपूर्तीही मान्य झाली. ऑर्थोडॉक्स, म्हणजे पारंपरिक, पंथाने ती मानलीच नाही. मला दोन्ही बाजू पटतात, आणि हे काही फार सोयीचं नाही.

शब्बाथला तर आणखी पेच. शुक्रवारच्या सूर्यास्तापासून यंत्राला हात लावायचा नाही. लाइव्हस्ट्रीम आधीच लावून ठेवलं की आपोआप चालतं. झूमवर कुणाला आत घे, कुणाचा आवाज बंद कर, हे कुणाला तरी करावंच लागतं. चॅटमध्ये लिहिणं तर थेट निषिद्ध कामांतलं. त्यात घड्याळाची चेष्टा वेगळीच. न्यूयॉर्कला उन्हाळ्यात शुक्रवारी संध्याकाळी सहाला प्रार्थना सुरू होते, तेव्हा ठाण्यात शनिवारचे पहाटेचे साडेतीन वाजलेले असतात. इथला शब्बाथ केव्हाच लागलेला. नेमाने पाळणारा माणूस फोन उघडणारच नाही.

आपल्या कोकणातल्या शनिवार तेल्यांची, म्हणजे बेने इस्रायली ज्यूंची, मुंबईतली बहुतेक सिनेगॉग पारंपरिक वळणाची. 1796 साली उभं राहिलेलं सगळ्यांत जुनं शाआर हारहामिम, लोकांच्या तोंडी ‘जुनी मशीद’. समाजातले बरेच जण इस्रायलला गेले, तेव्हापासून दहा पुरुष जमवणं हीच अनेक ठिकाणची रोजची विवंचना. मलिदा या त्यांच्या नैवेद्याच्या विधीतलं एलियाहू हन्नाबीचं, म्हणजे प्रेषित एलियाचं, गाणं फोनवरून इस्रायलमधल्या अश्दोदला ऐकू जातं. पोहे, गूळ, खोबऱ्याचं ताट अर्थातच जात नाही. आणि इथे नऊच पुरुष जमले, दहावा अश्दोदहून व्हिडिओ कॉलवर हजर असला, तरी मोजणीत ते नऊच. मग कुणीतरी बाहेर येऊन जवळपासच्या एखाद्या नातलगाला फोन लावतं आणि बाकीचे थांबतात.