मागणी, पुरवठा आणि संधी खर्च

मागणी, पुरवठा आणि संधी खर्च : सूक्ष्म अर्थशास्त्रातील तीन मूलभूत संकल्पना. निरनिराळ्या किमतींना गिऱ्हाईक एखादी वस्तू किती घेईल याला मागणी म्हणतात आणि त्याच किमतींना विक्रेता ती किती विकायला काढेल याला पुरवठा. एक पर्याय निवडताना हातचा सुटलेला सर्वांत चांगला दुसरा पर्याय म्हणजे संधी खर्च. काही मराठी पुस्तकांत त्यालाच वैकल्पिक खर्च म्हटलेले आढळते. अभ्यासक्रमात या तिघांची प्रकरणे वेगवेगळी असतात आणि संधी खर्च बहुधा प्रस्तावनेतच उरकला जातो. प्रत्यक्ष बाजारात मात्र पुरवठा आणि संधी खर्च यांची फारकत करता येत नाही. हे दाखवायला महाराष्ट्रात कांद्याइतका चांगला नमुना नाही, म्हणून या नोंदीतली बहुतेक उदाहरणे कांद्याची आहेत.

नाशिक जिल्ह्याच्या निफाड तालुक्यातील लासलगावची बाजार समिती १९४७ सालची. सकाळी आवारात ट्रॅक्टर-ट्रॉल्या आणि पिकअप रांगेने उभ्या राहतात. व्यापाऱ्यांचा घोळका एकेका गाडीपाशी थांबतो. कोणी ट्रॉलीत हात घालून तळचे दोन-चार कांदे वर काढतो, दाबून बघतो, पत्ती (वरची साल) टिकलेली आहे का ते पाहतो, आणि बोली सुरू होते. एका गाडीचा निकाल मिनिटभरात लागतो. भाव पटला नाही तर शेतकरी माल द्यायला नकार देऊ शकतो; पटला तर गाडी काट्यावर जाते, तिथून व्यापाऱ्याच्या खळ्यावर खाली होते आणि शेवटी हिशोबपट्टी हातात पडते. संध्याकाळी जाहीर होतात ते तीन आकडे : किमान, कमाल आणि सरासरी. पुस्तकातल्या आकृतीत मागणी आणि पुरवठा दाखवणाऱ्या दोन रेषा (वक्र) एका बिंदूत छेदतात आणि त्या बिंदूला समतोल किंमत म्हणतात. आवारात तसा बिंदू कुठेच नसतो. गोल्टीला (लहान कांद्याला) एक भाव, मोठ्या सुक्या मालाला दुसरा, भिजलेल्याला तिसरा. समतोल म्हणून आपण जे वाचतो ती शेकडो गाड्यांच्या निकालांची गोळाबेरीज असते.

मागणीचा नियम साधा आहे : इतर परिस्थिती कायम असता किंमत वाढली की मागणी आकुंचन पावते, उतरली की विस्तारते. कारण पहिल्या नगापेक्षा दुसऱ्याचे आणि दुसऱ्यापेक्षा तिसऱ्याचे समाधान कमी. याला घटत्या सीमांत उपयोगितेचा नियम म्हणतात. विद्यार्थ्यांची गल्लत होते ती 'इतर परिस्थिती कायम' या शब्दांपाशी. किंमत तीच असताना मागणी वाढली किंवा घटली तर अख्खा मागणी वक्रच सरकतो. याचे अस्सल मराठी उदाहरण म्हणजे कांदेनवमी. आषाढ शुद्ध नवमीला ज्या घरांत कांदाभजी, थालीपीठ, कांद्याची भाजी यांची चंगळ होते, त्याच घरांत दोन दिवसांनी एकादशीपासून चातुर्मासभर कांदा वर्ज्य होतो. भाव बदललेला नसतो, पंचांग बदललेले असते. (आता चार महिने कांदा न खाणारी घरे इतकी कमी उरली आहेत की लासलगावला याची फारशी झळ लागत नाही. पण संकल्पना समजायला उदाहरण चोख आहे.)

एरवी कांद्याची मागणी भावाला फारशी दाद देत नाही. फोडणीला दोन कांदे लागतात ते स्वस्ताईत तीन होत नाहीत आणि महागाईत शून्यावर येत नाहीत. अशा मागणीला अलवचिक म्हणतात. तिचा परिणाम सतराव्या शतकातच इंग्लंडमध्ये ग्रेगरी किंग या सांख्यिकीकाराच्या नावाने नोंदला गेला. धान्याचे पीक एक दशांशाने घटले तर भाव तीन दशांशांनी चढतो, दोन दशांशांनी घटले तर आठ दशांशांनी, असा त्याचा अंदाज होता. आकडे जुने आणि ढोबळ आहेत, पण तुटीपेक्षा भाववाढ मोठी ही गोष्ट खरी. २०१९ मध्ये पावसाने खरिपाचा कांदा खराब केला तेव्हा डिसेंबरात किरकोळ बाजारात किलोला शंभर रुपयांच्या वर पैसे मोजावे लागले. याची उलट बाजू शहरात सहसा आठवत नाही : पीक थोडे जास्त आले तरी भाव पार झोपतो, आणि जास्त पिकवलेल्या शेतकऱ्याच्या हाती कमी पिकवलेल्या वर्षापेक्षाही कमी पैसे येतात. फेब्रुवारी २०२३ मध्ये सोलापूरच्या बाजारात एका शेतकऱ्याचा ५१२ किलो कांदा किलोला एक रुपया भावाने गेला. वाहतूक, हमाली, तोलाई वजा होऊन पट्टीवर २ रुपये ४९ पैसे उरले आणि धनादेश निघाला दोन रुपयांचा. त्या हंगामात राज्य सरकारला क्विंटलमागे ३५० रुपयांचे अनुदान द्यावे लागले.

आता पुरवठा. बोलण्यात पुरवठा म्हणजे पिकलेला माल असे धरले जाते आणि गोंधळाची सुरुवात तिथेच होते. पिकलेला माल हा साठा. त्यातला जितका या भावाला विकायला निघेल तेवढाच पुरवठा. पोळ म्हणजे खरिपाचा लाल कांदा आणि रांगडा म्हणजे उशिरा खरिपाचा कांदा टिकत नाहीत, ते काढल्याबरोबर बाजारात आणावे लागतात, म्हणून तिथे साठा आणि पुरवठा जवळजवळ एकच असतात. मार्च ते मे या काळात निघणारा उन्हाळ कांदा मात्र चाळीत (कांदा साठवायच्या हवेशीर शेडमध्ये) चार-सहा महिने राहतो. तो आज विकायचा की ठेवायचा हा निर्णय ज्याच्या चाळीत माल आहे त्याचा, आणि त्या निर्णयामागच्या हिशेबाचे नाव संधी खर्च. फिलिप विक्स्टीड या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने तर पुरवठा नावाची स्वतंत्र गोष्टच नाही, ती विक्रेत्याचीच स्वतःच्या मालाला असलेली मागणी आहे, असे म्हटले होते. टोकाचे वाटते, पण चाळीच्या दारात उभे राहिले की पटते.

हिशेब करून पाहू. आकडे केवळ उदाहरणादाखल. एप्रिलमध्ये शंभर क्विंटल उन्हाळ कांदा आहे आणि भाव १,२०० रुपये. आज विकला तर १,२०,००० रुपये. सप्टेंबरपर्यंत ठेवला तर सड, वजनातली घट आणि कोंब धरून तीस टक्के गेला, उरला सत्तर क्विंटल. चाळीत निवड करायला मजुरी ३,००० रुपये. आणि ते १,२०,००० रुपये आज हाती आले असते तर हातउसने फेडता आले असते. त्यावर महिना दोन टक्क्यांनी पाच महिन्यांचे व्याज १२,००० रुपये. एकूण १,३५,००० रुपये सत्तर क्विंटलमधून वसूल व्हायचे तर भाव १,९३० च्या आसपास लागतो. म्हणजे सप्टेंबरला १,७०० भाव मिळाला तरी हा माणूस तोट्यात आहे, मग गाव भले म्हणो की ह्याने पाचशे रुपये जास्त काढले. शेजाऱ्याच्या डोक्यावर कर्ज नसेल, तर त्याच चाळीचा, त्याच कांद्याचा हिशेब १,७६० वरच जुळतो. दोघांसमोर भाव एकच, पण एकाचा ट्रॅक्टर आवारात आणि दुसऱ्याचा कांदा चाळीत. पुरवठा वक्राचा चढ अशा शेकडो वेगवेगळ्या हिशेबांतून तयार होतो.

यात उत्पादन खर्च कुठेच आला नाही हे लक्षात घ्यावे. 'उत्पादन खर्चही निघत नाही' ही तक्रार रास्त असते आणि पुढच्या हंगामात कांदा लावायचा की मका याचा निर्णय त्यावरच ठरतो. पण रोपे, खत, लागवडीची मजुरी यांवर झालेला खर्च आता कोणत्याच पर्यायात परत येत नाही. तो बुडीत खर्च. आजच्या निर्णयात मोजायचा तो यापुढचा खर्च. भाव कोसळल्यावर कोणी उभ्या कांद्यात रोटाव्हेटर फिरवतो तेव्हा बातमीत ते संतापाचे दृश्य म्हणून येते. संताप असतोच. पण काढणी, भराई, वाहतूक आणि हमाली मिळून येणारा खर्च हाती येणाऱ्या पट्टीपेक्षा जास्त असेल, तर रान मोकळे करून पुढचे पीक घेणे हाच कमी तोट्याचा व्यवहार ठरतो.

संधी खर्चाची कल्पना ऑस्ट्रियन अर्थशास्त्रज्ञ फ्रीडरिश फॉन वीझर यांच्या नावाशी जोडली जाते. फ्रान्सच्या फ्रेडरिक बास्तियाने १८५० मध्ये दिसणाऱ्या आणि न दिसणाऱ्या परिणामांबद्दल लिहिताना हाच धागा पकडला होता. रोजच्या व्यवहारात तो सुटतो कारण त्याची पावती फाटत नाही. 'गाळा स्वतःचा आहे, भाडे नाही, म्हणून दुकान परवडते' हे वाक्य कोणत्याही पेठेत ऐकू येते. गाळा दुसऱ्याला दिला असता तर महिन्याला वीस हजार आले असते आणि दुकानातून अठरा हजार सुटत असतील, तर दुकान परवडत नाही. घरमालक दुकानदाराला पोसतो आहे, इतकेच. दोघे एकच असल्याने तक्रार होत नाही.

ही संकल्पना आपल्याकडे राजकारणातही आहे, फक्त तिचे नाव कोणी घेत नाही. कृषी खर्च व मूल्य आयोग पिकांचा खर्च काही प्रकारांनी मोजतो. 'ए-२' म्हणजे खिशातून गेलेले पैसे : बियाणे, खते, मजुरी, इंधन इत्यादी. त्यात घरच्या माणसांच्या श्रमाचे मोल मिळवले की 'ए-२ + एफएल'. आणि स्वतःच्या जमिनीचा खंड व स्वतःच्या भांडवलावरचे व्याजही धरले की 'सी-२'. घरची बाई दुसऱ्याच्या रानात खुरपायला गेली असती तर रोज मिळाला असता, जमीन खंडाने दिली असती तर पैसे आले असते. म्हणजे पहिल्या आकड्यापासून तिसऱ्यापर्यंतचे अंतर हे जवळजवळ सगळे संधी खर्चाचेच. २०१८ च्या अर्थसंकल्पानंतर सरकारने हमीभाव खर्चाच्या दीडपट केला तो 'ए-२ + एफएल' धरून. शेतकरी संघटना 'सी-२' वर दीडपट मागतात. दोन्ही बाजू खर्चच म्हणतात, त्यांचे अर्थ वेगळे आहेत. अर्थशास्त्राच्या दृष्टीने 'सी-२' हाच पूर्ण खर्च आहे, यात शंका घ्यायला जागा नाही. हमीभाव त्याच्या किती पट असावा हा प्रश्न निराळा. कांद्याला तर हमीभावच नाही.

किंमत मागणी ठरवते की पुरवठा, हा वाद एकोणिसाव्या शतकात बराच रंगला. इंग्रज अर्थशास्त्रज्ञ ॲल्फ्रेड मार्शल यांनी १८९० मध्ये तो कात्रीच्या उपमेने मिटवला : कागद वरच्या पात्याने कापला की खालच्या, हे विचारण्यात अर्थ नाही. उपमा गाजली, मार्शल यांचा त्याहून उपयोगी मुद्दा काळाचा आहे. आज आवारात आलेल्या गाड्या वाढवता येत नाहीत, म्हणून आजचा भाव मुख्यतः मागणी ठरवते. महिन्याभरात चाळी उघडतात. वर्षभरात लागवडीचे क्षेत्र बदलते. आणि त्या शेवटच्या टप्प्यात एक गंमत होते : यंदाचा भाव पाहून सगळे पुढच्या वर्षी कांदा लावतात, भाव पडतो, मग सगळे सोडतात आणि भाव चढतो. आकृतीत हे कोळ्याच्या जाळ्यासारखे दिसते, म्हणून अर्थशास्त्रज्ञ निकोलस काल्डॉर यांनी १९३४ मध्ये त्याला तेच नाव दिले.

सरकारचा हात लागला की रेषा कशा सरकतात हे २०२३-२४ मध्ये दिसले. १९ ऑगस्ट २०२३ रोजी कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क लागले, त्याच्या निषेधार्थ नाशिक जिल्ह्यातले लिलाव काही दिवस बंद राहिले. ८ डिसेंबरला निर्यातबंदीच आली. बंदी म्हणजे मागणीचा परदेशातला तुकडा कापून टाकणे. भाव मुंबईत उतरतो तसाच नाशिक जिल्ह्यातल्या चांदवडलाही उतरतो. ग्राहकाला मिळालेला दिलासा सरकारी तिजोरीतून येत नाही, तो शेतकऱ्याच्या पट्टीतून वजा होतो. मे २०२४ मध्ये बंदी उठली तीही किमान निर्यात मूल्य (ज्याहून कमी भावाने माल बाहेर पाठवता येत नाही) आणि ४० टक्के शुल्क ठेवून. शुल्क पुरते गेले ते १ एप्रिल २०२५ रोजी.

या सगळ्या विवेचनात एक गृहीतक लपलेले आहे : दोन्ही बाजूंना भाव माहीत असतो. अर्थशास्त्रज्ञ रॉबर्ट जेन्सन यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेला उत्तर केरळच्या मच्छीमारांचा अभ्यास यासाठी पाहण्याजोगा आहे. मोबाइल येण्यापूर्वी एका बंदरावर गिऱ्हाईक नाही म्हणून तारली फेकून दिली जात होती आणि काही किलोमीटरवरच्या बंदरात खरेदीदार रिकाम्या हाताने परतत होते. १९९७ ते २००१ दरम्यान किनाऱ्यावर मनोरे उभे राहिले, होडीतूनच फोन होऊ लागले, बंदराबंदरांतली भावांची तफावत जवळजवळ मिटली आणि मासळी फेकणे थांबले. लासलगावचा सकाळचा भाव आज तासाभरात येवल्यापासून कळवणपर्यंत प्रत्येकाच्या मोबाइलवर असतो. पण मासळी तशीही त्याच दिवशी विकावी लागते, कांदा थांबू शकतो. भाव दोनशेने चढल्याची बातमी एकाच वेळी सगळ्यांना कळते, सगळ्या चाळी एकदमच उघडतात, आणि दुसऱ्या दिवशी आवारात गाडी उभी करायला जागा नसते.